मळीवरच्या यीस्टसाठी सॉफ्टवेअर सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मळीवर बेकर्स यीस्ट वाढवताना फर्मेंटरमध्ये (यीस्ट वाढवण्याच्या टाकीत) या क्षणी पेशी किती आहेत, याचे उत्तर नेमके सर्वांत उशिरा मिळते. ड्राय वेटचा, म्हणजे सुकवलेल्या पेशींच्या वजनाचा, आकडा नमुना पूर्ण सुकल्यावरच हाती येतो आणि मळीचा रंग व गाळ यांमुळे ओडीवर (द्रव किती प्रकाश अडवतो यावरून पेशी मोजण्यावर) विसंबता येत नाही. म्हणून आम्ही ऑफ-गॅसमधील (फर्मेंटरमधून बाहेर पडणाऱ्या वायूतील) ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड, हवेचा प्रवाह आणि फीडचा (टाकीत सोडत राहिलेल्या मळीचा) दर यांवरून पेशींचे प्रमाण व वाढीचा वेग काढणारा, एक्स्टेंडेड काल्मन फिल्टरवर (गणिती मॉडेलचा अंदाज मोजमापांनी सतत सुधारणाऱ्या पद्धतीवर) आधारलेला सॉफ्टवेअर सेन्सर बसवून घेतला.

त्याचा खरा फायदा फीड ठरवताना होतो. साखर जास्त झाली की हवा भरपूर असूनही यीस्ट अल्कोहोल करू लागते आणि आरक्यू (बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) १ च्या वर सरकतो. हे आता स्क्रीनवर लगेच दिसते, त्यामुळे ऑपरेटर ठरलेल्या तक्त्यावर न थांबता फीड वेळीच कमी करतो.

मात्र हे सारे वायू मोजणाऱ्या अ‍ॅनलायझरच्या जिवावर आहे. समजा, वायूतील बाष्प काढणारा कंडेन्सर नीट चालला नाही आणि वायूत १ टक्का बाष्प राहिले, तर १८ टक्के ऑक्सिजन १७.८ टक्के दिसतो. फरक किरकोळ वाटतो. पण ऑक्सिजनचा वापर निघतो तो हवेतील २०.९५ टक्क्यांशी असलेल्या तफावतीवरून, त्यामुळे तो सात-आठ टक्क्यांनी फुगतो, कार्बन डायऑक्साइड किंचित कमी भरतो आणि १.०२ चा आरक्यू ०.९३ दिसतो. म्हणजे पेशींचा अंदाज वाढतो आणि अल्कोहोलची सूचना नेमकी तेव्हाच गायब होते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याविषयी चकार शब्द नाही, हे मला खटकले.

वाढीचे गणित गृहीत न धरणारे असिम्प्टोटिक ऑब्झर्व्हरही (अंदाज बांधण्याची दुसरी गणिती पद्धत) आम्ही पडताळून पाहिले. त्यांतील सुरुवातीची चूक डायल्युशनच्या (फीडमुळे द्रव पातळ होण्याच्या) वेगानेच विरते आणि फेड-बॅचमध्ये, म्हणजे फीड सोडत राहून चालवलेल्या बॅचमध्ये, द्रवाचे आकारमान वाढत जाते तसा तो वेग मंदावतो; इनॉक्युलमचा (सुरुवातीला घातलेल्या यीस्टचा) आकडा चुकला, तर ती चूक बॅच संपेपर्यंत पूर्णपणे जात नाही. काल्मन फिल्टरमध्ये उशिरा आलेले ड्राय वेट मागच्या वेळेवर नोंदवून अंदाज सुधारता येतो, म्हणून तोच ठेवला. प्रयोगशाळेतील नमुने आम्ही कमी केले आहेत, बंद केलेले नाहीत. नवीन टाकीची मळी सुरू होते त्या बॅचला तर ते पूर्वीइतकेच घेतो, कारण मळीतील साखर बदलली की फीडवरून केलेला हिशेब आपोआप दुरुस्त होत नाही.