सुपरमार्केटमधून ग्लुटेन-फ्री किराणा: नऊ महिने वापरून झाल्यावरचा अनुभव (फोंडा, गोवा)

मुलाला सिलिॲक आहे हे कळून आता नऊ महिने झाले. तेव्हापासून घरातला सगळा किराणा मी नेहमीच्याच सुपरमार्केटमधून ग्लुटेन-फ्री करून आणतेय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण सुरुवातीला मी मराठीत खूप शोधलं आणि मिळालं ते सगळं दिल्ली-पंजाबकडच्या लोकांसाठी लिहिलेलं होतं, की पोळीच्या ऐवजी काय. आमच्याकडे गोव्यात दोन वेळा शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, पोळीचा प्रश्न अर्धाच. बाकीचे प्रश्न वेगळे निघाले.

आधी थोडं आजाराबद्दल, कारण नातेवाइकांना अजून ती ॲलर्जी वाटते. मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षं उंची जवळजवळ वाढत नव्हती, पोट फुगलेलं असायचं, आणि लोहाचं औषध महिनोन् महिने घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून बायोप्सी. यात गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं आतलं अस्तर खराब होतं, बोटांसारखे बारीक उंचवटे असतात ते सपाट होतात, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, आयुष्यभर गहू, जव आणि राय बंद एवढाच उपाय. आणि कोणाला शंका असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका, आधीच बंद केला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग काहीच कळत नाही.

तर पहिल्या शनिवारी मी यादी घेऊन गेले. आमच्या सुपरमार्केटमध्ये एक हेल्थ फूडचा रॅक आहे, त्यावर ग्लुटेन-फ्री पीठ, शुगर-फ्री बिस्किटं, ओट्स, किनोआ, मल्टीग्रेन आटा, डायबेटिसवाल्यांचं काय काय, सगळं एकाला एक लागून. तिथल्या मुलाला विचारलं तर तो बिचारा मनापासून मदत करत होता, त्याने मल्टीग्रेनचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "वयनी, हें गंवाचें न्हय, मल्टीग्रेन." पाकिटावर घटकांत पहिलाच शब्द गहू. शुगर-फ्री बिस्किटं मैद्याची. ओट्समध्ये मुळात गहू नसतो पण शेतात आणि कारखान्यात तो गव्हाबरोबर मिसळतो, त्यामुळे पाकिटावर ग्लुटेन-फ्री स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही. त्या अख्ख्या रॅकवरून त्या दिवशी माझ्या मुलाला चालतील अशा मोजून चार वस्तू निघाल्या.

ग्लुटेन-फ्री असं पाकिटावर लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, म्हणजे 20 पीपीएम. 20 ते 100 मध्ये असेल तर ते लो ग्लुटेन, ते सिलिॲकवाल्यांसाठी नाही. हे शब्द समोर ठळक असतात. ज्या पाकिटावर हे काहीच नाही तिथे मागे ॲलर्जनची ओळ वाचायची, आपल्याकडे आता ती द्यावीच लागते, आणि गहू, राय, जव, ओट्स असतील तर तिथे येतात. मी आधी ती ओळ वाचते आणि मगच घटक. घटकांत मॉल्ट किंवा मॉल्ट एक्सट्रॅक्ट दिसलं की पाकीट परत ठेवायचं, ते बहुतेक वेळा जवाचं असतं, दुधात घालायच्या पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स यातच बाद होतात (मका म्हणून आम्ही कॉर्नफ्लेक्स पहिले दहा दिवस बिनधास्त देत होतो, त्याचं अजून वाईट वाटतं). माल्टोडेक्स्ट्रिन मात्र वेगळं, नावात माल्ट आहे म्हणून मी महिनाभर घाबरून टाळलं, ते चालतं असं डाएटिशियनने सांगितलं.

आता विकतच्या ग्लुटेन-फ्री वस्तूंबद्दल. पीठ तीन प्रकारचं वापरून झालं. साध्या गव्हाच्या पिठाच्या तिप्पट-चौपट किंमत. कोमट पाण्यात मळलं तरी पोळी लाटताना कडा फाटतात, तव्यावरून काढेपर्यंत मऊ आणि डब्यात दुपारपर्यंत चामड्यासारखी. त्यात अर्धा चमचा इसबगोल घातला आणि पीठ दहा मिनिटं झाकून ठेवलं तर बराच फरक पडतो, पण तिसऱ्या महिन्यानंतर मी ते पीठ आणणंच बंद केलं. ब्रेड फ्रीझरमधला मिळतो, टोस्ट केला तर ठीक, तसाच खायला घेतला तर हातात भुगा होतो. बिस्किटं मुलाला आवडतात, मला आवडत नाहीत कारण मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च आणि साखर याशिवाय त्यात फार काही नसतं, फायबर तर नावाला, आणि आमचा मूळ प्रश्नच अंगी लागण्याचा. वाढदिवसाला आणते. मका-तांदळाचा पास्ता मात्र खरंच चांगला, फक्त पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायचा आणि लगेच गार पाण्याखाली धरायचा नाहीतर लगदा. किनाऱ्याच्या बाजूला, हणजूण-आसगावकडे परदेशी लोकांमुळे या वस्तू खूप जास्त मिळतात, एकदा मुद्दाम गेलो होतो, किमती बघून पास्त्याची दोन पाकिटं घेऊन परत आलो.

सगळ्यात मोठा धक्का हिंगाचा. दोन महिने सगळं पाळून मुलाचं पोट मधूनमधून दुखतच होतं, मला कळेना काय चुकतंय. एक दिवस मसाल्यांच्या रॅकसमोर उभी राहून मी घरात जे जे आहे त्याचं पाकीट उचलून मागची बाजू वाचायला लागले, हळद, तिखट, धणे, आणि मग ती हिंगाची छोटी पिवळी डबी. अक्षरं इतकी बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितला. पहिला घटक गव्हाचं पीठ, मग डिंक, मग हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असतो म्हणून तो पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं. मी रोज, दोन्ही वेळा, त्याच्याच वरणाच्या फोडणीत घालत होते. तिथे उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. तांदळाच्या पिठातला हिंग त्याच रॅकवर खालच्या कप्प्यात मिळाला, तोच आता वापरते, आणि साधारण तीन आठवड्यांत दुखणं थांबलं. आणि हिंगावरून पुढची सगळी साखळी सुटली: उडदाचे पापड, सांबार मसाला, लोणचं, फरसाण, सगळ्यात हिंग, आणि हिंग कुठल्या पिठातला ते बऱ्याच पाकिटांवर कळत नाही. पापड आता माझी आई करून पाठवते.

मराठी घरांसाठी खास सांगते, या गोष्टी इंग्रजी याद्यांमध्ये कधीच नसतात. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात गहू नाहीतर जव. आजारी मुलाला मऊ भात-मेतकूट द्यायचं ही आपली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट, आणि तीच नाही चालत. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, "अगं मूठभर गहू दोन किलोत" असं त्या म्हणायच्या, मग मी त्यांना डॉक्टरांकडे बरोबर नेलं. आता त्या स्वतःच गव्हाशिवाय मेतकूट करतात, तांदूळ थोडा जास्त घालून, आणि चवीत मला तरी फरक कळत नाही. तसंच इडली रवा हा तांदळाचा, तो चालतो, पण रवा इडलीचं तयार मिक्स गव्हाच्या रव्याचं, दोन्ही पाकिटं शेजारीशेजारी असतात आणि घाईत नवरा एकदा चुकीचं घेऊन आला.

चांगली बातमी म्हणजे आपल्या दुकानात आपलं खाणं आधीपासूनच आहे. मला सगळ्यात उपयोगी पडला तो उपासाचा कप्पा: राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा. राजगिऱ्याचे लाडू शाळेच्या डब्यात बिस्किटांच्या जागी, वरीचे तांदूळ संध्याकाळी. मात्र तिथेही ॲलर्जनची ओळ वाचावी लागते, कारण पुष्कळ पॅकिंगवाले गहूही तिथेच भरतात. उकडे तांदूळ, नाचणी, चवळी, नारळ, सोलं (आमसुलं) हे मी बागायतदार या इथल्या सहकारी संस्थेच्या बझारमधून घेते, आणि नाचणी अख्खी घेऊन निवडून, धुऊन, वाळवून घरच्या छोट्या चक्कीवर दळते. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आमच्याकडचं तिझन, गूळ आणि नारळाचा रस घातलेलं, मुलगा वाटी चाटूनपुसून खातो. सकाळी घावन, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. भाकरी उकड काढून केली तर डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, विकतच्या पिठाच्या पोळीपेक्षा कितीतरी चांगली.

सुटं पीठ आणि गिरणीवरचं दळण पूर्ण बंद. सुपरमार्केटमध्ये सुट्या धान्याच्या पेट्या असतात ना, त्यात पळी एकच फिरते, मी स्वतः बघितलंय एका बाईंनी दलिया काढला आणि तीच पळी वरीच्या पेटीत ठेवली. गिरणीत तर आधीच्या माणसाचा गहू जात्यातच असतो. ती घरची चक्की हाच आमचा नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात योग्य. घरात पोळपाट, लाटणं, चाळणी, लाकडी उलथणं नवीन घेतलं, जुनी एका पिशवीत बांधून माळ्यावर. आधी आम्ही बाकीच्यांसाठी पोळ्या करत होतो, पण पीठ हवेत उडतं आणि ओट्यावर बसतं, शेवटी घरात गहूच नको असं ठरवलं.

बाहेरचं खाणं मात्र अवघड आहे, आणि गोव्यात राहून मासळी बाहेर खायची नाही म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. बांगडा, इसवण, सगळं रव्यात घोळवून तळतात. रव्याशिवाय सांगितलं तरी तवा आणि तेल तेच. घरी मी तांदळाच्या पिठात घोळवते, कुरकुरीत होतं. आणि सकाळचा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा. साडेसहाला सायकलचा भोंगा वाजतो, टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं की गरम पोयांचा (गव्हाच्या पावांचा) वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. मुलगा आधी नाणी घेऊन धावत जायचा. आता भोंगा वाजला की तो आपलं दप्तर भरायला लागतो, काही बोलत नाही. त्या वेळेला मी मुद्दाम घावन तव्यावर टाकते, म्हणजे घरात आपलाही वास असावा.

चवथीला काळजी वाटत होती, पण बरीच सोपी गेली. उकडीचे मोदक, पातोळ्या, खतखतें, सगळं मुळातच चालणारं. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, राहिल्या, त्या मैद्याच्या. मी तांदळाचं पीठ आणि थोडा साबुदाण्याचा स्टार्च घेऊन प्रयत्न केला, तळताना निम्म्या फुटल्या, जावेने उरलेल्या हाताने जोडून तळल्या. नाताळात शेजारच्या आंटींनी बिबिंक नाही दिलं, त्यात मैदा असतो हे त्यांनी स्वतःहून लक्षात ठेवलं, मुलासाठी वेगळ्या ताटलीत दोदोल आणि दोस या मैदा नसलेल्या मिठाया आल्या. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने.

डिसेंबरात सहा महिन्यांची तपासणी झाली, टीटीजी बराच खाली आलाय, अजून नॉर्मल नाही. हिमोग्लोबिन वाढलं. उंची सव्वातीन सेंटीमीटर. शाळेची पॅन्ट आखूड झाली तेव्हा मी ती धुऊन कपाटात ठेवली, कोणाला दिली नाही.

खर्च आता पहिल्या महिन्यांपेक्षा जवळजवळ निम्मा आहे, कारण ग्लुटेन-फ्री लिहिलेल्या वस्तू यादीत तीनच उरल्यात: पास्ता, ओट्स, सोया सॉस (साध्यात बहुतेक वेळा गहू असतो). बाकी सगळं साधा किराणा, फक्त वाचून घेतलेला.

सुपरमार्केटबद्दल माझी एकच तक्रार राहिलीय. ग्लुटेन-फ्री वस्तूंची पाकिटं ज्या कप्प्यात ठेवतात त्याच्या बरोब्बर वर मैद्याची आणि रव्याची सुटी बांधलेली पाकिटं असतात, त्यातलं एखादं नेहमी फुटलेलं असतं आणि खालच्या सगळ्या पाकिटांवर पांढरी भुकटी. मी दर वेळी घरी आल्यावर पाकीट बाहेर ओट्यावर ओल्या फडक्याने पुसून मगच आत घेते. मॅनेजरला ऑक्टोबरात सांगितलं, फोटोही दाखवला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बदलतो म्हणाले. परवा गेले तेव्हा जागा तीच होती, परत सांगून आलेय, पुढच्या शनिवारी बघते.