डोमेनचा कोड त्याला वाचून दाखवला, तिथेच आम्ही फसलो

आमचं घर लग्नाच्या कामावर चालतं. अप्पा बळवंत चौकाजवळ बाबांचं पत्रिका छपाईचं दुकान, सिंहगड रस्त्यावर काकांचं मंगल कार्यालय, दादाचं केटरिंग, चुलतभावाचं मंडप-सजावटीचं काम आणि वहिनीचं रुखवताच्या वस्तूंचं दुकान. धंदे पाच, पण गिऱ्हाईक बहुतेक एकच. पत्रिका छापायला आलेला माणूस कार्यालयाची चौकशी करतो, कार्यालय बघायला आलेली मुलीची आई रुखवताचं विचारते. या सगळ्यांचे हिशेब आणि ऑनलाइन चौकश्या मी बघते. २०२२ ते २०२४ या काळात एका वेब डेव्हलपरने आम्हाला कसं फसवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशी घरची चार-पाच दुकानं असलेली कुटुंबं पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि त्या माणसाचं काम अजून चालू आहे.

आधी आमच्या पाचही वेबसाइट वेगवेगळ्या होत्या. पाच ठिकाणी पाच पासवर्ड, दोन साइट तर कोणी केल्या तेही आठवत नव्हतं. कार्यालयाचा फोन नंबर बदलला तेव्हा चार ठिकाणी बदलला आणि रुखवताच्या साइटवर जुनाच राहिला, आठ महिने. दरवर्षी लग्नाचे मुहूर्त टाकायचे तर तीच यादी पाचदा टाइप करायची. म्हणून एका ओळखीच्या फोटोग्राफरने जेव्हा सांगितलं की बाणेरला एक जण सगळ्या साइट एकाच ठिकाणाहून चालवायची सोय करून देतो, तेव्हा मला ते पटलं. आजही पटतं. मुहूर्ताची यादी एकदा भरायची आणि ती पाचही साइटवर दिसायची, ही सोय खरी आहे आणि आम्ही दोन वर्षं ती वापरली. म्हणूनच तर इतका वेळ संशय आला नाही.

तो दुकानात आला, बाबांच्या पाया पडला, लॅपटॉप उघडून दाखवला. एका पडद्यावर पाच साइटची नावं, वर त्याच्या फर्मचा लोगो. म्हणाला, "काका, हे आमचं स्वतःचं प्लॅटफॉर्म आहे, तीन वर्षं लागली बनवायला." उभारणीचे १,७५,००० रुपये, त्यात पहिलं वर्ष धरलेलं. दुसऱ्या वर्षापासून दर साइटला २४,००० रुपये लायसन्स, म्हणजे पाच साइटचे १,२०,०००. वर १८ टक्के जीएसटी. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. करारनामा झाला नाही, तो मी मागितलाही नाही. पैशांपैकी साधारण निम्मे त्याने एका वैयक्तिक खात्यावर भरायला लावले, "फर्मच्या खात्याला लिमिटचा प्रॉब्लेम आहे" म्हणून.

मग डोमेन. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, ते दरवर्षी पैसे भरून आपल्या नावावर ठेवायचं असतं. तो म्हणाला, सगळी डोमेन माझ्या खात्यात आणा, नाहीतर एकत्र प्लॅटफॉर्मवर जोडता येत नाहीत, शिवाय नूतनीकरणाची तारीख तुम्हाला लक्षात ठेवायला नको. दादाने डोमेनच्या आमच्या खात्यात जाऊन, नाव दुसरीकडे जाऊ नये म्हणून असलेलं लॉक काढलं, आलेला ओटीपी आणि हस्तांतराचा ऑथ कोड त्याला फोनवर वाचून दाखवला. पाच वेळा. मी शेजारीच बसले होते.

इथे थांबून सांगते, कारण सगळं नुकसान इथून झालं. साइट दुसऱ्याच्या सर्व्हरवर, म्हणजे ती जिथे साठवलेली असते त्या मशीनवर, न्यायची असेल तर डोमेन त्याच्या नावावर करावं लागत नाही. आपल्या खात्यात राहूनच नेमसर्व्हर (साइट कुठून उघडायची हे सांगणारी नोंद) किंवा सर्व्हरचा पत्ता बदलता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. ऑथ कोड देणं म्हणजे दुकानात रंगकाम करायला आलेल्याला खरेदीखत लिहून देणं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन वर्षं बरी गेली. आम्हाला लॉगिन मिळालं होतं ते एडिटरचं. मजकूर आणि फोटो बदलता यायचे, बाकी काही नाही. एकदा मी सगळ्या मजकुराची प्रत मागितली तर म्हणाला, सिक्युरिटीसाठी ते बंद ठेवलंय, बॅकअप आमच्याकडे रोज होतो. मी मान्य केलं.

उलगडा वेबसाइटमुळे झालाच नाही. २०२४ मध्ये आम्ही सीए बदलले. नवीन सीएंनी जुनी बिलं तपासताना विचारलं, "ताई, या डेव्हलपरची बिलं तुमच्या टू-बीमध्ये कुठेच दिसत नाहीत." विक्रेत्याने रिटर्नमध्ये आपलं बिल दाखवलं की ते आपल्या जीएसटीआर-टू-बीमध्ये उमटतं, त्यावरच आपल्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. त्यांनी बिलावरचा नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते, लॉगिनसुद्धा लागत नाही. नोंदणी रद्द झालेली होती आणि ती आमच्या पहिल्या बिलाच्याही आधी. तीन बिलांवर मिळून ७४,७०० रुपये जीएसटी म्हणून त्याने आमच्याकडून घेतले होते. आमच्या आधीच्या सीएंनी त्यावर क्रेडिट घेतलेलं, ते आम्हाला व्याजासह परत भरावं लागलं. म्हणजे तोच कर आम्ही दोनदा भरला.

त्या रविवारी माझा मामेभाऊ घरी आला होता, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी चिडून सगळं सांगत होते. त्याने कार्यालयाची साइट उघडून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, बघितला आणि म्हणाला, "ताई, हे वर्डप्रेस आहे गं." वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, ते २००३ पासून आहे, फुकट आहे आणि त्याचं लायसन्स जीपीएल, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा. अनेक साइट एकाच ठिकाणाहून चालवायची सोय, मल्टिसाइट, २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यातच आहे. प्रत्येक साइटला स्वतःचं डोमेन जोडायची सोयही २०१६ पासून अंगभूत आहे. ज्याला डेव्हलपरने तीन वर्षं खपून बनवलेलं प्लॅटफॉर्म म्हटलं होतं, त्यावर त्याने फक्त स्वतःचा लोगो लावला होता. वर्डप्रेस बसवून देण्याचे, सर्व्हरचे, देखभालीचे पैसे घेणं यात गैर काहीच नाही, ती मेहनत आहे. पण नसलेल्या लायसन्सचे पैसे, तेही एकाच इन्स्टॉलेशनसाठी पाचपट, ही फसवणूक आहे.

पुढची गोष्ट मामेभावाने फोटोंच्या पत्त्यांवरून दाखवली. मल्टिसाइटमध्ये मुख्य साइट सोडून प्रत्येक साइटचे फोटो 'साइट्स' नावाच्या फोल्डरमध्ये त्या साइटच्या क्रमांकाखाली जातात. आमच्या साइटचे क्रमांक होते ७, ८, ९, ११ आणि १२. मग १ ते ६ कोण? १० कोण? आम्हाला वाटत होतं की हे आमच्या पाच धंद्यांसाठीचं एक घर आहे. प्रत्यक्षात डेव्हलपरने त्याच्या इतर गिऱ्हाइकांनाही त्याच घरात खोल्या दिल्या होत्या. मल्टिसाइटमध्ये डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, एक असतो, मजकुराचे तक्ते साइटगणिक वेगळे, पण वापरकर्त्यांचा तक्ता सगळ्यांचा एकच. सगळ्यांवर सगळे अधिकार असलेला एक सुपर अ‍ॅडमिन, म्हणजे डेव्हलपर. त्या गर्दीतून आमच्या पाच साइट वेगळ्या काढणं हे किचकट काम आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

१० क्रमांकाची साइट एका केटररची निघाली. आमच्या साइटवर फॉर्म भरल्यावर दुसऱ्याच केटररचा फोन आला, असं दोन गिऱ्हाइकांनी दादाला पूर्वी सांगितलं होतं. तो फोन याच केटररचा होता का आणि त्यामागे डेव्हलपरचा हात होता का, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून आरोपही करत नाही. फॉर्ममध्ये आलेलं प्रत्येक नाव आणि नंबर त्याला दिसत होता, एवढं नक्की.

आम्ही डेव्हलपरला फोन केला. आधी गोड बोलला, मग म्हणाला मायग्रेशन चार्ज, म्हणजे साइट दुसरीकडे नेण्याचा खर्च, लागेल, अडीच लाख. दादा म्हणाला, डोमेन आमची आहेत, ती आधी परत कर. त्यावर तो म्हणाला, "रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर आहे ते बघा." बघितलं. पाचही ठिकाणी संस्थेच्या रकान्यात त्याच्या फर्मचं नाव.

५ नोव्हेंबर २०२४. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, तुळशीचं लग्न आठवड्यावर. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात, आमच्या वर्षाच्या चौकश्यांचा मोठा भाग त्या पंधरवड्यात येतो. सकाळी पाचही साइटवर फक्त एक इंग्रजी ओळ, साइट अर्काइव्ह किंवा निलंबित केली आहे अशा अर्थाची. सुपर अ‍ॅडमिनला ते एका क्लिकवर करता येतं. दुपारपर्यंत ईमेलही बंद, कारण आमचे सगळे ईमेल पत्ते त्याच डोमेनवर होते. गूगलवरच्या कार्यालयाच्या नोंदीचा मालक म्हणून त्यातलाच एक पत्ता होता. ते खातं सुदैवाने माझ्या फोनमध्ये लॉगिन होतं, म्हणून मी तासाभरात दादाचा वेगळा पत्ता मालक म्हणून जोडला आणि पुढे जुना काढला. थोडा उशीर झाला असता तर पासवर्ड बदलायच्या मेल त्याच्याच हातात पडल्या असत्या आणि इतक्या वर्षांचे रिव्ह्यू गेले असते.

सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. १९३० चा उपयोग पैसे नुकतेच गेले असतील आणि खातं गोठवायचं असेल तर जास्त. आमचे पैसे दोन वर्षांत, बिलं घेऊन, राजीखुशीने गेलेले. अर्ज घेतला गेला, पण हा दोन व्यावसायिकांतला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा, हे बऱ्याचदा ऐकलं. करार असता तर चित्र वेगळं असतं, असं वकील म्हणाले. खोट्या जीएसटीच्या मुद्द्यावर मात्र नोटीस कडक गेली, आणि तिलाच तो घाबरला. शेवटी तीन डॉट कॉम डोमेन ४०,००० रुपये देऊन सुटली. ते पैसे द्यायला माझा विरोध होता, पण काका म्हणाले हंगाम चाललाय, वाद नको.

दोन डॉट इन राहिली ती राहिलीच. त्यासाठी आयएनडीआरपी नावाची लवादाची वाट आहे, पण त्यात त्या नावावर आपला हक्क दाखवावा लागतो. आम्ही ट्रेडमार्क कधी नोंदवला नव्हता आणि दुकानांची नावं तशी सर्वसाधारण, म्हणून वकिलांनी भरवसा दिला नाही. त्यातलं एक बाबांच्या दुकानाचं, २००९ पासूनचं. आजवर छापलेल्या हजारो पत्रिकांच्या मागे कोपऱ्यात ते बारीक अक्षरात आहे. बाबा त्याबद्दल काही बोलत नाहीत, पण नवीन पत्रिकेचं प्रूफ हातात आलं की आधी उलटं करून तो कोपरा बघतात.

मजकूर थोडा इंटरनेट अर्काइव्हमधून, म्हणजे वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवरून, मिळाला. वहिनीचे रुखवताचे फोटो तिच्या जुन्या फोनमध्ये होते. बाबांनी हाताने काढलेले पत्रिकांचे गणपती स्कॅन करून साइटवर टाकले होते, ते स्कॅन गेले. मूळ कागद माळ्यावरच्या पेटीत मिळाले, दोन पावसाळे खाऊन.

साइट आम्ही परत एकत्रच बांधल्या, वर्डप्रेस मल्टिसाइटवरच. मामेभावाच्या ओळखीच्या एका मुलीने महिन्याभरात करून दिल्या. या वेळी डोमेन आमच्या खात्यात, सर्व्हर दादाच्या कार्डावर, सुपर अ‍ॅडमिन मी. तिला काम असेल तेव्हा तिचं लॉगिन चालू करते. दर रविवारी डेटाबेस आणि फोटोंचं फोल्डर दोन्हींची प्रत आमच्या ड्राइव्हवर येते. दोन्ही म्हणते आहे, कारण वर्डप्रेसच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये फोटोंचे फक्त पत्ते असतात, फोटो नसतात. मूळ साइट बंद झाली की ते पत्ते निरुपयोगी.

एकाच सर्व्हरवर आणखी कोणत्या साइट आहेत हे शोधायची साधनं आहेत. त्यावरून आम्ही बाकीचे क्रमांक शोधले आणि मी एकेकाला फोन लावला. दोघांनी ऐकून घेतलं नाही, माझ्यावरच संशय घेतला. १० क्रमांकवाल्या केटररने फोन ठेवून दिला. चिंचवडच्या एका मिठाईच्या दुकानातल्या काकूंनी मात्र सगळं ऐकलं आणि विचारलं, "आमची डोमेन कुठायत ते कसं बघायचं?" आम्ही फोनवरच बघितलं. चारपैकी दोन अजून त्यांच्या मुलाच्या खात्यात होती आणि त्यांचं लॉक काढलेलं होतं. डेव्हलपरने आदल्याच आठवड्यात कोड मागितला होता. मुलाने त्याच संध्याकाळी लॉक परत लावलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.