1914 ची पोस्टल ऑर्डर घेताय? आधी घडी भिंगाखाली बघा

ब्रिटिश पोस्टल ऑर्डर (पोस्टात पैसे भरून घ्यायचा आणि पोस्टातच वटवायचा कागद) जमवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून इकडे इंग्लंडमध्ये स्टॅम्प फेअरमधून घेणाऱ्यांसाठी. जुन्या ऑर्डरवर 1914 चा खोटा शिक्का मारून विकणारा एक जण फिरतोय आणि त्याने माझे 140 पाउंड खाल्लेत.

1914 च का, तर महायुद्ध सुरू झालं तेव्हा लोक सोन्याची नाणी दाबून बसायला लागले आणि बँक ऑफ इंग्लंडची सगळ्यात छोटी नोट होती 5 पाउंडांची, मग रोजच्या व्यवहाराला लोकांनी वापरायचं काय? म्हणून सरकारने ऑगस्ट 1914 मध्ये पोस्टल ऑर्डरच कायदेशीर चलन करून टाकल्या, ते फेब्रुवारी 1915 पर्यंत चाललं. पोस्टाच्या साध्या कागदाने काही महिने नोटेचं काम केलं, मला तर या छंदात याहून भारी काही वाटत नाही. त्यात वटवलेल्या ऑर्डर पोस्ट हिशोब झाला की नष्ट करायचं, म्हणजे उरल्या त्या बहुतेक कुणीतरी वटवायच्या राहून गेलेल्या. त्यामुळे किंमत ठरते ती शिक्क्यावरच्या तारखेवर आणि हा माणूस नेमका तिथेच हात मारतो.

माझी ऑर्डर खरी आहे, पंचम जॉर्जच्या काळातलीच, कागद खरा, छपाई खरी. यूव्ही टॉर्चखाली धरली (नवा कागद त्यात चमकतो) तर काहीच चमकलं नाही, चमकणार कसं, खोटा आहे तो फक्त शिक्का. नंतर एका जुन्या इंग्रज संग्राहकाने भिंगातून घडी दाखवली. खरा शिक्का पोस्टाच्या काउंटरवर कोऱ्या सपाट कागदावर बसतो, घडी पडते नंतर, म्हणजे घडीत कागद झिजला की तिथली शाईही झिजायला हवी ना? इथे उलटं, शाई घडीत फाटलेल्या तंतूंमध्ये झिरपून पसरलेली, म्हणजे आधी घडी पडली, कागद जुना झाला आणि मग कोणीतरी शिक्का मारला. तिरका उजेड पाडला तर या शिक्क्याखाली मूळ शिक्क्याची फिकट कड दिसते, आणि साल चक्क 13! युद्धाच्या आधीची ऑर्डर, उचलून 1914 मध्ये नेऊन बसवलेली.

विकणारा म्हणाला होता कार्डाने 160, कॅशने 140. हे डिस्काउंट नाहीये हो, सापळा आहे. इकडे 100 पाउंडांच्या वरची वस्तू थेट क्रेडिट कार्डाने घेतली की विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते, सेक्शन 75 म्हणतात त्याला, कॅशला किंवा बँक ट्रान्सफरला ते लागू नाही. पावतीवर त्याने नुसतं 'पोस्टल ऑर्डर' लिहिलंय, ना साल ना शिक्का, आणि आता म्हणतो मी तर जशी होती तशी विकली. तेव्हा पावतीवर तारीख आणि 'शिक्का अस्सल' असं लिहूनच घ्या, नाही म्हणाला तर ऑर्डर तिथेच ठेवून निघा.

लेस्टरच्या एका ओळखीच्यांकडे अगदी असाच शिक्का निघालाय, गाव वेगळं पण शिक्क्याचं वर्तुळ माझ्यासारखंच, त्याच जागी तुटलेलं. तुमच्याकडे ऑगस्ट 1914 ते फेब्रुवारी 1915 मधली, अलीकडे घेतलेली ऑर्डर असेल तर वर्तुळाची उजवीकडची खालची बाजू बघा, तुटलेली दिसली तर मोठा स्कॅन करून ठेवा आणि मला कळवा, तिघा-चौघांची तक्रार एकत्र गेली तर ती कोणीतरी मनावर घेईल.