आठ महिने वापरल्यावर: ३०५० तेच, पण गरम हवा माझ्या हातावर

काल पंखा बदलून माझा गेमिंग लॅपटॉप घरी आला, म्हणून आज लिहायला बसले.

शेवटी दोनच लॅपटॉप यादीत उरले होते. दोन्हींत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड, त्याची स्वतःची मेमरी (व्हीरॅम) ४ जीबी, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, ८ जीबी रॅम. स्वस्तातला मी घेतला, दुसरा मावसभावाने. कार्ड एकच, तर वरचे पैसे कशाला घालवायचे, हा माझा हिशेब.

हिशेब तिथेच चुकला. ३०५० हे कार्ड ३५ ते ८० वॅटमध्ये किती वॅटवर चालवायचं, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते; वॅट जास्त, तर कार्डाचा वेगही जास्त. माझं निघालं ६० वॅटचं, मावसभावाचं ७५ वॅटचं. खोक्यावर हा आकडा नव्हता, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यावर दिसला. पहिले चार महिने मी सगळ्यांना हेच सांगत होते, की वॅट बघितल्याशिवाय घेऊ नका, मी फसले.

आता तेवढ्या जोरात नाही सांगणार. व्हॅलरंट या गेममध्ये चकमक सुरू झाली की माझ्याकडे खेळ अडखळायचा, त्याच्याकडे नाही. मी वॅटला दोष देत राहिले. खरं कारण रॅम होती. माझ्यात ८ जीबीची एकच स्टिक, त्याच्यात ४-४ च्या दोन. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन असल्या की ५१.२. मी ८ ची आणखी एक घातली आणि त्याच संध्याकाळी झटके थांबले. १५ वॅटचा फरक आहेच, पण तो मोठ्या गेममध्ये थोड्या फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला काही चित्रं कमी दिसण्याचा. स्टिकचे पैसे धरूनही माझा लॅपटॉप त्याच्यापेक्षा स्वस्तच पडला.

ही स्टिक पुढे नडली. सातव्या महिन्यात डावा पंखा घरघरायला लागला, तर सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "रॅम तुम्ही घातलीत, वॉरंटी गेली." कंपनीच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये ग्राहकाने रॅम कशी बदलायची ते चित्रांसकट दिलंय. ते पान छापून नेलं. तीन खेपा झाल्या, तेव्हा कुठे फुकट बदलायला तयार झाले. अजून राग जात नाही.

पण या लॅपटॉपची मला सर्वांत न आवडलेली गोष्ट पंखाही नाही आणि वॅटही नाही. याची गरम हवा बाहेर टाकणारी एक जाळी उजव्या कडेला आहे, नेमकी माऊसच्या हाताशी. गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली की करंगळीच्या बाजूला गरम झोत लागतो, अर्ध्या तासात तळहात ओला आणि माऊसची कड चिकट. पुठ्ठा उभा करून पाहिला. फार जवळ ठेवला तर हवा कोंडते आणि प्रोसेसर ८७ वरून ९३ अंशांवर जातो. चार बोटं अंतर सोडून तिरका ठेवला तर चालतं, पण मग माऊस फिरवायला जागा उरत नाही. मावसभावाच्या लॅपटॉपची सगळी हवा मागून जाते. तो तासन्‌तास खेळतो, हात कोरडा. वरच्या पैशांत त्याने खरं तर हे विकत घेतलं, आणि आम्हा दोघांनाही तेव्हा ते माहीत नव्हतं.

रॅम नंतर वाढवता येते, जाळीची जागा बदलता येत नाही. घ्यायच्या आधी एखादा गेम पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि माऊस जिथे असेल तिथे हात ठेवून बघा.