मल्टीस्पीडचं स्टिकर

माझी सहा एकर जमीन लळिंगच्या डोंगराकडची. धुळ्याच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि गोटे दरसाल वेचून बांधावर टाकले तरी दरसाल तितकेच निघतात.

रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र. त्याचं खूळ डोक्यात शिरलं ते साडूमुळे. तो रावेरकडचा, केळीवाला. त्याच्या काळ्या रानात यंत्र एकदा फिरलं की माती पिठासारखी होते. आपल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडंही अशीच कापून मातीत मिसळतील, असं मनात आलं. 2023 च्या एप्रिलमध्ये दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव सांगत नाही, प्रकरण चालू आहे.

त्याला पहिल्यांदाच सांगितलं, रान बरड आहे, ट्रॅक्टर 45 एचपीचा. तो म्हणाला, "नाना, मग सिंगल स्पीड घेऊच नका. दगडाच्या जमिनीत रोटर, म्हणजे पात्यांचा दांडा, हळू फिरायला पाहिजे. मल्टीस्पीड घ्या, गिअर बदलला की वेग कमी." बोलणं खरंच होतं, म्हणूनच फसलो. डेमो त्याने दाखवला एका बागायतदाराच्या ओल्या, काळ्या शेतात. माझ्या रानात चला म्हटलं तर ऑपरेटर सुट्टीवर. तिथेच मी उठायला हवं होतं.

पाच फुटी, 36 पात्यांचा, 1,18,000 ला ठरला. अंगावर मोठं स्टिकर, "मल्टीस्पीड". अनुदानाचं विचारलं तर म्हणे, "यंत्र आज न्या, महाडीबीटीचं मी बघतो." महाडीबीटी म्हणजे अनुदानाच्या अर्जाचं सरकारी पोर्टल. पूर्वसंमती मिळायच्या आधी खरेदी केली की अनुदान बाद होतं, हे मला कृषी सहायकाने सांगितलं तेव्हा यंत्र खळ्यात उभं होतं. पावती कच्ची, तिच्यावर यंत्राचा नंबर नाही.

पहिल्या अर्ध्या एकरात शाफ्टचे तीन शिअर बोल्ट तुटले. दुकानाचा मेकॅनिक आला आणि त्याने दुसरा बोल्ट ठोकला. "हा तुटत नाही बघा," असं कौतुकाने सांगून गेला. मलाही बरं वाटलं. खरं तर तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. पात्याखाली दगड अडकला की बोल्ट जातो आणि गिअरपेटी वाचते. याने बसवलेल्या बोल्टच्या डोक्यावर 10.9 कोरलेलं होतं, म्हणजे चांगलाच कडक. दुसऱ्या दिवशी टोपल्याएवढा गोटा लागला. बोल्ट जागच्या जागी राहिला आणि पेटीतून कटकट आवाज सुरू झाला. क्राऊनचे, म्हणजे पेटीतल्या मोठ्या दातेरी चाकाचे चार दात तेलाबरोबर खाली आले.

दुकानातून उत्तर आलं, "दगडात चालवलं, वॉरंटी बसत नाही." दगडासाठीच मागितला होता की!

मग गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "नाना, मागलं झाकण कोठे शे?" मल्टीस्पीडच्या पेटीला मागे वेगळं झाकण असतं. ते काढलं की दोन गिअर दिसतात. त्यांची अदलाबदल केली किंवा दुसरी जोडी बसवली की रोटरचा वेग बदलतो. माझ्या पेटीला मागे सपाट लोखंड होतं. पेटी सिंगल स्पीडची, स्टिकर तेवढं मल्टीचं.

नंतर त्याने एक पातं सोडलं. फ्लँज, म्हणजे पातं बसवायची चकती, आणि पात्याच्या मधल्या सांदीत, रंगाच्या थराखाली, सुकून दगड झालेली काळी माती होती. माझ्या रानात काळी माती औषधालाही नाही, सगळा तांबडा मुरूम. मिस्त्रीने ती नखाने उकरून माझ्या तळहातावर ठेवली. "हाऊ नवा नही शे, रंग मारेल शे." नंबरची पट्टी शोधली तर तिच्या जागी रिव्हेटची दोन भोकं, तीही रंगाने बुजलेली. बागायतदाराच्या शेतात फिरला तो हाच असावा, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येत नाही.

दुरुस्तीला 18,500 गेले. फोटो काढले, माती डबीत भरली, तुटके दात आणि तो बोल्ट जपून ठेवला. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पण दुकानदाराने दाद दिली नाही. मग धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. समोरच्या वकिलाचा मुद्दा असा, की मी शेजाऱ्यांकडे भाड्याने रोटाव्हेटर मारतो, म्हणजे धंदा, म्हणजे मी ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायदा ग्राहकच धरतो, पण ते पटवण्यात दोन तारखा गेल्या. कच्च्या पावतीने तर पाय बांधलेच. नंबरच नाही, तर हेच यंत्र त्याने विकलं कशावरून?

आता वरच्या चार एकरांत मी रोटाव्हेटर नेतच नाही. तिथे नऊ फणी स्प्रिंगचा कल्टिवेटर. गोटा लागला की फण मागे सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. खाली नाल्याकाठच्या दोन एकरांत थोडी गाळाची माती आहे, तिथे गोटे वेचल्यावर रोटाव्हेटर मारतो, वरवर चारेक इंच. शिअर बोल्ट कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच. सहा जादा बोल्ट टूलबॉक्समध्ये असतात.

मागच्या पोळ्याला दुकानदाराचा फोन आला. "नाना, मिटवून टाकू. पात्यांचा नवा सेट फुकट देतो." मी म्हटलं, पाती राहू दे, मागे झाकण असलेली पेटी दे आणि पक्क्या बिलावर तिचा नंबर लिही. "विचारून सांगतो" म्हणाला. मालक तोच आहे, विचारणार कोणाला कोण जाणे.