पोलरॉइडची फिल्म घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

मामांनी नव्वदच्या दशकात दुबईहून आणलेला पोलरॉइड ६०० कॅमेरा माळ्यावर सापडला आणि मला वेडच लागलं. सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, मागे सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) आणि पुढे आजी असा एक फोटो काढायचा, हातात लगेच येणारा, एवढंच डोक्यात होतं.

सोलापुरात फिल्म कुठे मिळेना. ऑनलाइन एकजण भेटला, ‘सीलपॅक, फ्रेश, १० फोटो’, २४०० रुपये, पूर्ण ॲडव्हान्स. मी बॉक्सचा व्हिडिओ मागितला तर त्याने फक्त पुढची बाजू दाखवली. मला वाटलं १० फोटो म्हणजे हल्लीच्या पॅकमधल्या ८ पेक्षा दोन जास्तच मिळतायत, केले पैसे यूपीआयने.

अक्षतेच्या दिवशी आजी ट्रंकेतलं इरकल नेसून तयार, बाहेर बाराबंदी घातलेली पोरं निघालेली, मी पॅक टाकला, दार बंद केलं आणि काहीच नाही. खरं तर पॅक टाकला की घर्र आवाज होऊन वरचं काळं कव्हर आपोआप बाहेर यायला पाहिजे. आजी दोनदा म्हणाली, निघाला का रे फोटो? काय सांगणार तिला.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, मोटर जळलीय तुमची, कॅमेरा पार्टसाठी ५०० ला मी घेतो. आणि मी देणार होतो हो! नवी पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी थांबवलं. ते म्हणाले, अरे याची बॅटरी कॅमेऱ्यात नसतीच, फिल्मच्या पॅकमध्ये असते. पॅकच्या खालच्या दोन भोकांना मल्टिमीटर लावला, सहा व्होल्ट पाहिजे तिथे दोनसुद्धा नाही. मग बॉक्सवरचं किमतीचं स्टिकर हेअर ड्रायरने सोडवलं, खाली एक्स्पायरी २००७ ची! एक फोटो फाडून बघितला, कडेच्या पिशवीतली पेस्ट सुकून खपली झालेली, ती पसरणार काय आणि फोटो उमटणार काय.

तर घेताना हे बघा. कंपनीने २००८ मध्ये फिल्म बनवणं बंद केलं होतं, नंतर दुसऱ्या लोकांनी नेदरलँड्समधला कारखाना घेऊन परत सुरू केलं, आणि या नव्या पॅकमध्ये ८ च फोटो येतात. जुन्या ६०० साठी कोणी १० म्हटलं की माल जुना. बॉक्सवरची उत्पादनाची तारीख स्टिकर काढून दाखवायला सांगा, वर्षाच्या आतली पाहिजे. आय-टाइप लिहिलेली घेऊ नका, तिच्यात बॅटरीच नसते, आपल्या कॅमेऱ्यात चालत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पार्सल मागवूच नका, २८ डिग्रीच्या वर रंग बिघडतात. आली की फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पैसे अजून आले नाहीत. काल त्याच माणसाची पोस्ट परत दिसली, तसंच स्टिकर, खाली ‘१० फोटो, फ्रेश’.