रिंग स्लिंग घेताय? आधी कडीला चुंबक लावून बघा

बाळाला अंगाशी बांधून घ्यायची ती दोन कड्यांची रिंग स्लिंग इन्स्टावरून 'हँडमेड' म्हणून मागवायचा विचार असेल तर जरा थांबा आणि हे वाचा. 1850 रुपये गेले, त्याचं मला एवढं नाही. पण जी वस्तू आली ती घालून माझी बहीण बाळासकट जिना उतरली असती तर, हा विचार आला तरी अंगावर काटा येतो. लांबलचक लिहितेय, वेळ असेल तेव्हा वाचा पण वाचा.

मी स्वतः शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, झबली-टोपडी सगळं. मग स्लिंग विकत कशाला घेतली, तर ऐन लगीनसराई, मशीनशेजारी ब्लाउजांचा ढीग, आणि धाकटीची डिलिव्हरी तारखेच्या बरीच आधी झाली. मुलगी झाली, वजनाला कमी. आई म्हणत होती, "अगं साडीची झोळी बांध, त्याला कशाला हव्यात कड्या न् फिड्या." पण बहिणीला घरात वावरताना बाळ अंगाशी हवं होतं, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून.

पेज दिसायला एकदम छान. फोटोत खणाचं कापड, हिरवा पडदा मागे आणि त्यापुढे एक आई स्लिंगमध्ये बाळ घेऊन पोळ्या लाटतेय असा व्हिडिओ (तेव्हाच मला खटकायला हवं होतं, बाळ घेऊन गॅससमोर उभं राहायचं नसतं). खाली लिहिलेलं, गुळेदगुड्डचा हातमागाचा खण, प्युअर कॉटन, बचत गटाच्या महिला शिवतात, रिंग इम्पोर्टेड आणि लॅब टेस्टेड. मी विचारलं रिंग कसली, तर लगेच "ताई अॅल्युमिनियम, जोड नसलेली, 100 किलो वजन घेते". रिपोर्ट मागितला तर पीडीएफ पण पाठवली. सीओडी मागितलं तर "हँडमेड आहे ना ताई, ऑर्डरवरच शिवतो, त्यामुळे अॅडव्हान्स". यूपीआयने पैसे गेले, पार्सल आलं, पॅकिंग तर इतकं गोड की बास, छोटी चिठ्ठी, कापूर-लवंगेची पुरचुंडी.

आता आत काय होतं ते सांगते.

कडी हातात घेतल्याबरोबर वजनदार लागली. अॅल्युमिनियम हलकं असतं, भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल. फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं तर टक्कन चिकटलं. म्हणजे लोखंड, वरून चकचकीत मुलामा दिलेलं, पर्सच्या पट्ट्याला आणि कुत्र्याच्या गळपट्ट्याला लावतात तसलं. मग अंगठ्याचं नख कडीवरून सावकाश गोल फिरवलं, एका जागी बारीकशी खरखर लागली, तोच जोड. म्हणजे तार वाकवून टोकं डाग देऊन जोडलेली आणि वर मुलामा चढवलेला. नुसतं बघून दिसत नाही. स्लिंगच्या रिंगला जोड असूनच चालत नाही, ती अखंड असावी लागते, अॅल्युमिनियम नाहीतर चांगल्या नायलॉनची, खास स्लिंगसाठी केलेली आणि वजन टाकून तपासलेली. कारण सगळा भार त्या दोन कड्यांवरच असतो, आणि ताण आला की जोड उघडतो.

खात्री करायची म्हणून पाळण्याच्या हुकाला ती स्लिंग अडकवून खाली तांदळाचा 25 किलोचा कट्टा लटकवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी एका कडीच्या जोडात नख जाईल एवढी फट पडलेली! हे त्यांचे 100 किलो.

मग कापड. खण म्हणून हल्ली मीटरवर जे विकतात त्यात पॉवरलूमवरचा पॉलिस्टरचा माल भरपूर असतो, ब्लाउजला, पर्सला कुणाची काही हरकत नाही, पण कॉटन म्हणून विकू नका ना. मी उभा एक आणि आडवा एक असे दोरे ओढून काडी लावून बघितले. सुती दोरा कागदासारखा भुरुभुरु जळतो, राख चुरता येते. इथे आडवा दोरा आक्रसला, वितळला आणि काळा टणक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. ते गुळगुळीत असल्याने कडीत पकडच बसत नाही. पाच किलोचं कणकेचं पाकीट आत ठेवून स्लिंग घालून घरात चार फेऱ्या मारल्या, घट्ट ओढलेलं कापड सरकत सरकत पाकीट पोटावरून पार मांडीपर्यंत आलं. शिवाय आपल्या उन्हाळ्यात बाळाला त्यात घामोळं आलं असतं ते वेगळंच.

पण खरा कहर पुढेच. स्लिंगच्या शेपटाला, म्हणजे कड्यांतून खाली लोंबणाऱ्या टोकाला, एक सुंदर खिसा होता, गोटापट्टी लावलेला, फोटोतही तो मुद्दाम दाखवलेला. मला शंका आली म्हणून खिसा उसवला. खाली जोड! दोन तुकडे एकमेकांना जोडून वर खिसा चढवलेला. ब्लाउजपीस उरलेले असणार, दुसरं काय. स्लिंगचं कापड साधारण दोन मीटर सलग लागतं, मध्ये जोड अजिबात चालत नाही. खांद्यापाशी, जिथे कापड दोन्ही कड्यांतून घालून मागे दुमडतात, तिथे निदान तीन टिपा हव्यात, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, मजबूत पॉलिस्टर दोऱ्याने, कारण सुती दोरा धुऊन धुऊन कुजतो. इथे एकच टीप, तीपण सैल, खालचा बॉबिनचा दोरा सुईच्या टोकाने उचलला तर सर्रकन हातात आला, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीसुद्धा असलं शिवत नाहीत. बचत गटाच्या बायकांचं नाव कशाला खराब करता, असं वाटलं मला तरी.

पीडीएफचं पण ऐका. भाच्याने ती मोठी करून वाचली. कंपनीचं नाव पुसट केलेलं आणि स्टँडर्ड लिहिलेलं एएसटीएम (मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था) एफ2236. ते बकलवाल्या, खांद्याला पट्टे असलेल्या कॅरियरचं असतं. स्लिंगसाठीचं वेगळं आहे, एफ2907. म्हणजे कुणाच्या तरी भलत्याच वस्तूचा रिपोर्ट आपला म्हणून पाठवला होता. आणि आपण रिपोर्ट बघितला की गप्प बसतो, नंबर कोण वाचतंय.

अजून एक, आणि माझ्या मते हे सगळ्यात गंभीर. सोबतच्या कार्डावर बाळ आडवं झोपवलेलं चित्र, हनुवटी छातीला टेकलेली, तोंडावर कापड, आणि लिहिलंय 'पहिल्या दिवसापासून वापरा'. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, हनुवटी छातीवर गेली की श्वासाची वाट दबते आणि आवाज न करता बाळ गुदमरू शकतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 च्या मार्चमध्ये यावर जाहीर इशारा दिला होता, आधीच्या 20 वर्षांतले निदान 14 मृत्यू, त्यातली 12 बाळं चार महिन्यांच्या आतली. त्याच महिन्यात तिथे एका कंपनीच्या सुमारे दहा लाख स्लिंग परत मागवल्या गेल्या. आमच्या डॉक्टरांनी बहिणीला स्पष्ट सांगितलं, कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असेल तर मला विचारल्याशिवाय स्लिंगमध्ये घालायचंच नाही, आणि घालाल तेव्हा उभं, छातीशी घट्ट, तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा हवी, आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. हे त्या कार्डावर कुठे म्हणजे कुठेच नाही.

मी पेजवालीला चुंबकाचा आणि उसवलेल्या खिशाचा व्हिडिओ पाठवला. आधी "ताई हँडमेडमध्ये उन्नीस-बीस होतंच". मग "चांगल्या रिंगला मॅग्नेट लागतोच". मग म्हणे तुम्ही स्वतः शिवता ना, म्हणजे तुम्ही आमच्या कॉम्पिटिटर आहात, बदनामीची केस करू. आणि ब्लॉक.

1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, बोलणारी मुलगी चांगली होती पण पत्ता काय, विक्रेत्याचं पूर्ण नाव काय, यावर माझ्याकडे उत्तरच नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता, तक्रार कुणाकडे करायची हे दाखवायचं असतं, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे ते, पेजवर फक्त व्हॉट्सअॅप नंबर. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पण कळवलंय, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, मी आधी पेजवालीशी वाद घालत बसले होते. कुणाचं असं झालं तर चॅट, यूपीआयचा नंबर, पेजचं नाव यांचे स्क्रीनशॉट भांडण सुरू करायच्या आधी काढा, ब्लॉक झाल्यावर बरंच काही दिसेनासं होतं.

घरी शिवलेली स्लिंग वाईट असते असं माझं अजिबात म्हणणं नाही. नंतर मी स्वतःच शिवली, जाडसर हातमागाचं सुती कापड घेऊन. कड्या मात्र स्लिंगच्याच रिंग विकणाऱ्या एका बाईंकडून मागवल्या. पैसे द्यायच्या आधी मी त्यांना म्हटलं, कडीला चुंबक लावून व्हिडिओ पाठवता का. त्यांनी संध्याकाळपर्यंत पाठवला, वर मलाच विचारलं, "कापड कुठलं घेतलंय? होजिअरीचं नको हं, ताणलं जातं. आणि टिपा किती मारणार?" तयार स्लिंग घेणार असाल तर असाच व्हिडिओ मागा, खांद्याच्या शिवणीच्या उलट्या बाजूचा आणि पूर्ण कापड जमिनीवर पसरलेला पण, खिसा असेल तर आतून. आढेवेढे घेतले तर पुढच्या पेजवर जा.

ते पेज आता वेगळ्या नावाने सुरू आहे, तोच हिरवा पडदा, तोच पोळ्यांचा व्हिडिओ. किंमत 2150 केलीये, आणि सोबत मॅचिंग खणाचं टोपडं फ्री.